मिलिमीटर सरांचा पहिला व्हिडिओ

मुलांनी त्यांचं नाव मिलिमीटर सर पाडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये ते लेथ शिकवायचे; लोखंडाचा तुकडा यंत्रात गरगर फिरवायचा आणि टूलनं कातून हव्या त्या मापात आणायचा. माप केसभर चुकलं तरी सर ओरडत नसत. तुकडा उलटसुलट करून बघत आणि नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"ला मुलं टरकून असायची.

घरीही तोच खाक्या. बायको शिवणकाम करायची आणि मशीन चालवता चालवता दुनियेभरचं बोलायची. हे पेपरातून मान वर न काढता हुंकार द्यायचे. कामाचं विचारलं तर "नेहमीचंच" एवढंच उत्तर. मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली, सरांच्या मिशा पिकल्या, तरी हे नेहमीचं म्हणजे नेमकं काय, ते बाईंना कळलं नव्हतं. शाळेच्या फाटकाच्या आत त्या कधी गेल्याच नव्हत्या.

वर्कशॉपची अडचण जुनीच होती. एका लेथभोवती अख्खा वर्ग. पुढच्यांना सरांचे हात दिसत, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. म्हणून शाळेनं एका व्हिडिओवाल्या मुलीला बोलावलं. तिनं लेथशेजारी डोक्याच्या उंचीवर लिंबाएवढा कॅमेरा उभा केला. चारही बाजूंचं एकदम टिपणारा.

"डोळ्यांवर हा चष्म्यासारखा डबा चढवला, की प्रत्येक मुलगा तुमच्या शेजारी उभा, सर. मान वळवेल तिकडचं दिसेल."

"आणि हाताला काय दिसेल?" सरांनी विचारलं.

"हाताला काहीच नाही," ती सरळ म्हणाली. "हात तुम्हीच तयार करायचा. पण मशीनपाशी येईपर्यंत निदान भीती तरी मोडेल."

थापा मारत नाही म्हणून पोरगी सरांना आवडली. पण कॅमेरा सुरू झाला आणि सरांचं पार लाकूड झालं. "प्रस्तुत यंत्राच्या साहाय्याने आपण..." म्हणाले आणि अडकले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. रोज डोळे मिटून करायची कामं, आणि हात कोणाचे तरी उसने आणल्यासारखे चालायला लागले.

"या लिंबाकडे बघून मी काय बोलू?" ते कपाळ पुसत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सर चष्मा घरीच विसरले. चष्म्याशिवाय मापाच्या बारीक रेघा दिसेनात. घरी फोन केला, आणि थोड्या वेळानं बाई स्वतःच चष्मा घेऊन वर्कशॉपच्या दारात हजर झाल्या. तेलाचा वास, ओळीनं उभी हिरवी यंत्रं... त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो, एवढं मोठं असतं होय हे?"

व्हिडिओवालीनं दोघांकडे पाहिलं. "काकू, थोडं थांबता? सर, तुम्ही यांनाच शिकवा. माझ्याकडे बघूच नका."

सर कानकोंडे झाले. पण बाई यंत्राकडे निघाल्या तशी त्यांची जीभ आपोआप सुटली. "अगं, थांब! आधी ओढणी काढून ठेव. केस बांध. हा गॉगल घाल. फिरत्या यंत्रापाशी सैल काही चालत नाही. ओढून घेतं."

"माझ्या शिवणयंत्रालाही आवडते ओढणी," म्हणत बाईंनी केस बांधले आणि त्या जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेघेमागे उभ्या राहिल्या.

सरांनी तुकडा चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, चावीनं घट्ट आवळला आणि चावी काढून बाजूला ठेवली.

"ती चावी लगेच का काढलीत?"

"राहिली आणि मशीन सुरू केलं, तर गोळीसारखी सुटेल. कोणाचं तरी तोंड फुटेल."

यंत्र सुरू झालं. टूल कडेपासून मध्याकडे सरकू लागलं, चकचकीत कीस वळवळत खाली पडू लागला. यंत्र थांबवल्यावर बाई वाकल्या. "मधे हे एवढंसं बोंड का राहिलं?"

सरांनी चष्मा लावून बघितलं. गडबडीत टूल जरासं खाली बसलं होतं. एरवी त्यांनी तुकडा बाजूला फेकला असता. पण बायको खरोखरच विचारत होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "टूलचं टोक बरोबर मध्याच्या उंचीला हवं. आता बघ." त्यांनी टोक वर घेतलं, पुन्हा एकदा कापलं. तुकड्याचं तोंड आरशासारखं सपाट झालं.

"अगबाई!" बाई म्हणाल्या. सरांचा चेहरा असा फुलला, की व्हिडिओवालीला कॅमेरा बंद करायचं भानच राहिलं नाही.

आठवड्याभरानं तिनं तो डबा सरांच्या डोळ्यांवर चढवला. सरांना आपले हात दिसले, यंत्र दिसलं. "चूक कापू नका, राहू द्या," ते म्हणाले. मग मान वळवेल तिकडचं दिसतं हे आठवलं आणि ते मागे वळले. रेघेमागे बाई उभ्या होत्या. यंत्र सुरू होतं, कीस उडत होता, पण त्यांची नजर यंत्रावर नव्हती. त्या सरांकडे बघत होत्या. आपल्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा बघत होत्या, अगदी तशा. आपल्या पाठीमागे असं काही चाललंय, हे सरांच्या गावीही नव्हतं.

"सर, मागे काही चुकलंय का?" व्हिडिओवालीनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "मागे... मागे बरोबर आहे."

मुलांनी त्याला काकूंचा व्हिडिओ म्हणायला सुरुवात केली. वर्गात एक बुटकी मुलगी होती, कायम पुढच्यांच्या पाठींमागे अडकलेली. तिचा नंबर आला तेव्हा तिनं केस बांधले, तुकडा आवळला आणि कोणी सांगायच्या आत चावी काढली.

"बोंडाचं मलाही विचारायचं होतं, सर. लाज वाटायची. काकूंनी विचारलं, बरं झालं."

तिनं टूल सरकवायचं चाक फिरवायला घेतलं, पण फार जोरात, टूल किंचाळलं. हे काही डब्यात शिकवलेलं नव्हतं. सरांनी चाकावर तिच्या हाताशेजारी आपलं बोट ठेवलं. "हळू. जड लागतंय ना? तेवढंच जड लागू दे." तिसऱ्या खेपेला आवाज गोड झाला.

त्या संध्याकाळी बाई एका झग्याला काठ लावत बसल्या होत्या. सर स्टूल ओढून समोर बसले. "पुढचा व्हिडिओ आटे पाडण्याचा आहे. येशील?"

"उद्या जमायचं नाही, हा झगा द्यायचाय. परवा येईन. पण आटे म्हणजे काय?"

सर स्वयंपाकघरातून एक बरणी घेऊन आले, झाकण उघडून दिव्याखाली धरलं. "ही आतली रेघ बघ. एकच आहे, पण गोल गोल चढत गेलीये."

बाईंनी मशीन थांबवलं आणि झाकणात बोट घालून ती रेघ चाचपून पाहिली.