छतातली माणसे

ज्याच्या कामाची वाखाणणी ‘ऐकूच आला नाही’ एवढ्याच शब्दांत व्हायची, त्या माणसाने उतारवयात आवाज विकत घ्यायला निघावे, हे ओळखीच्यांना जरा विसंगत वाटले. तीस वर्षे ते एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून, संहिता मांडीवर घेऊन, नटाची जीभ अडखळण्याच्या अर्धा क्षण आधी पुढचा शब्द त्याच्या कानात सोडायचा आणि पहिल्या रांगेला ताकास तूर लागू द्यायची नाही, हे त्यांचे काम. मंडळीत त्यांना सगळे पुटपुटे म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते; पण पुढे हजेरीपटावरही तेच चढले, आणि ते उतरवून घेण्यासाठी लागणारा चढा आवाज त्यांच्यापाशी नव्हता.

एकदा ऐन प्रयोगात नायकाचा घसा बसला. नायक नुसते ओठ हलवत राहिला आणि उरलेला अंक पुटपुट्यांनी विंगेतून बोलून काढला. दुसऱ्या दिवशी नायकाच्या आवाजाला नवी धार आल्याचे वर्तमानपत्रात छापून आले. पुटपुट्यांनी ते कात्रण कापून ठेवले नाही. ठेवून दाखवायचे कोणाला?

पत्नी गणिताच्या शिक्षिका. सारी शाळा त्यांना बाई म्हणे, म्हणून पुटपुटेही बाईच म्हणत. फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवता सोडवता मागे कुठल्या बाकावर कोण कुजबुजले हे बाई न वळता सांगत, आणि त्यात त्यांची कधी चूक झाली नाही.

नाटकाचे प्रयोग संध्याकाळचे असल्यामुळे या दांपत्याला तीस वर्षांत संध्याकाळ अशी मिळालीच नव्हती. ती निवृत्तीनंतर मिळाली. दोघे रोज टीव्हीवर एक जुना चित्रपट पाहू लागले, आणि दोन वर्षांत बाईंची दृष्टी गेली. सगळी नाही. फळा कोणी मधोमधच पुसावा, तशी मधली गेली आणि कडा राहिल्या. पुटपुटे शेजारी बसून पडद्यावर काय चालले आहे ते त्यांच्या कानात सांगू लागले. पण टीव्हीचा मूळ आवाज डब्यात कोंडल्यासारखा. त्यात ह्यांची कुजबुज मिसळली की दोन्ही वाया.

“एक तर त्यांना बोलू द्या, नाही तर तुम्ही बोला,” बाई म्हणाल्या. पुढे पुढे त्या “आज राहू द्या” म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडू लागल्या. उशिरा हाती आलेली संध्याकाळ पुन्हा जाते की काय, या धास्तीने पुटपुटे दुकानात गेले.

दुकानदाराने टीव्हीखाली ठेवायची एक लांबट पट्टी पुढे केली. स्वस्त आणि सुटसुटीत. पण इथेच घोडे पेंड खात होते. टीव्हीखालचे फळकूट हा बाईंचा कठडा होता. त्यावर हात सरकवत त्या आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात जात. त्यावर वस्तू नको, जमिनीवर वायर नको, वाटेत खांबासारखे उभे काही नको.

“मग काका, उरलं छत,” दुकानदार म्हणाला. “फॉल्स सीलिंग आहे ना? बसतील त्या पैशात चार गोल स्पीकर. एकदम थेटर.”

पुटपुटे दुकानातल्या मोठ्या पडद्यासमोर बसले. नटी बोलली, तिच्या ओठांतून आवाज आला. लांबचा दरवाजा लागला, तोही ऐकू आला. त्यांनी चार घेतले.

सीलिंगवाल्याने छताच्या चार कोपऱ्यांत चार भोके पाडली. “भिंतींना कान असतात म्हणतात,” तो शिडीवरून म्हणाला, “आम्ही छताला तोंडं बसवतो.” बाईंनी त्याला, भोके समान अंतरावर आहेत का, एवढेच विचारले.

संध्याकाळी चित्रपट लागला. नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रसंग होता. शब्द न् शब्द लख्ख. पुटपुटे मान डोलावत होते. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, “हे दोघं माळ्यावर चढून का भांडतायत?”

“माळ्यावर नाहीत. स्वयंपाकघरात आहेत.”

“मग उंटावरून शेळ्या हाकतायत. सगळं माझ्या डोक्यावरून चाललंय.”

“बाई, आवाज टीव्हीतूनच येतोय. मी ऐकतोय ना.”

“बरं,” बाई म्हणाल्या, फळकुटावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. हे ‘बरं’ वर्गात ज्याच्या वाट्याला येई, त्याला छडीचीही गरज उरत नसे.

दुसऱ्या संध्याकाळी पुटपुटे एकटेच बसले. बाई हट्टी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्याला पुष्टी देणारे पुरावे त्यांना एकेचाळीस वर्षांत मिळालेले होते. मध्येच त्यांनी चष्मा पुसायला काढला. चष्म्याशिवाय त्यांना पडदा म्हणजे एक उजेडाचा डाग. आणि नटी, जी आत्तापर्यंत समोर बसून बोलत होती, ती उठून छतात गेली. त्यांनी चष्मा लावला. नटी खाली आली. काढला, वर गेली. असे त्यांनी सात वेळा केले. मग त्यांनी टीव्ही बंद केला. ओठ दिसले की आवाज त्या ओठांचाच वाटतो, आणि बोलणारा विंगेत असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हे त्यांच्याइतके पक्के जगात कोणाला ठाऊक असायला हवे होते? तीस वर्षे त्याच भरवशावर घर चालले होते. आणि स्पीकर निवडताना ते स्वतःच डोळे उघडे ठेवून बसले.

सकाळी ते पुन्हा दुकानात गेले आणि चष्मा खिशात ठेवून बसले.

“काका, चष्मा लावा, पिक्चर बघा.”

“बघायला नाही आलो. एकेक लावा. माणूस कुठून बोलतोय ते मी बोटाने दाखवतो.”

दुकानदाराने एकामागून एक पाच प्रकार लावले. पुटपुट्यांचे बोट पाचही वेळा आढ्याकडे गेले. सहाव्याला ते खाली झुकले. या स्पीकरचे तोंड आत तिरके बसवलेले होते, आणि मधली बारीक आवाजाची वाटी हाताने बसणाऱ्याकडे वळवता येत होती.

“लोक डोक्यावरून हेलिकॉप्टर जावं म्हणून छतात स्पीकर बसवतात,” दुकानदार म्हणाला. “तुम्हाला वरची माणसं खाली उतरवायचीत. अवघड गिऱ्हाईक आहात.”

ते महाग होते. चारही परत घेऊन त्या बदल्यात दोन देण्यावर तो कसाबसा राजी झाला. “मागून आवाज येणार नाही मग,” त्याने बजावले.

“मागून यायला आमच्या मागे कोण आहे?” पुटपुटे म्हणाले.

सीलिंगवाल्याने पुढची दोन भोके मोठी केली. “भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही,” असे सांगून त्याने मागच्या दोहोंवर पांढरी झाकणे बसवली. ती थोडी मळकट दिसतात. बाईंना ती दिसत नाहीत आणि पुटपुटे वर पाहत नाहीत.

बाईंना बाहेर आणणे हे मात्र भोके पाडण्याइतके सोपे नव्हते. “पाच मिनिटं,” पुटपुटे म्हणाले. “नाही जमलं तर मी काढून टाकतो सगळं.” बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. पुटपुट्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तेच भांडण पुन्हा लावले.

बाई मान तिरकी करून ऐकत राहिल्या. “आधी टांगलेली होती,” अखेर त्या म्हणाल्या. “आता उभी आहेत.”

“बसलेली आहेत, बाई. टेबलापाशी.”

“उभी आहेत. पण खोलीत आहेत.” एवढे म्हणून त्या खुर्चीत मागे सरकल्या आणि त्यांनी पाठ टेकवली.

पुटपुटे गप्प बसले. इतका स्वच्छ आवाज विकत आणल्यावर आपले काम संपले, हे त्यांनी मनाशी धरून ठेवले होते. भांडण विकोपाला गेले आणि एकाएकी थांबले. पडद्यावर कोणीच बोलेना. बाईंनी थोडी वाट पाहिली.

“अहो, गप्प का झाले? कोण आलं?”

पुटपुट्यांनी घाईघाईने चष्मा लावला. “सासरा आलाय. दारात उभा आहे. हातात पिशवी. सुनेने पाहिलंय, पाठमोऱ्या मुलाने अजून नाही. आता तो पिशवी खाली ठेवतोय, आणि—”

तेवढ्यात सासरा बोलू लागला. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“जरा आवाज कमी करा.”

ते रिमोटकडे वळले.

“त्याचा नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचा.”

पुटपुट्यांनी आवाज कमी केला आणि त्या पाठमोऱ्या मुलाविषयी सांगत राहिले.