‘आमच्या बायका जरा जास्तच कण्हतात’

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये मला जवळची अशी एकच मैत्रीण होती. मूळची डोंबिवलीची, इथल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स. पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईच्या छातीत त्या दुपारी दुखायला लागलं आणि तिथे पोचल्यावर हीच ड्यूटीवर दिसली, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं.

"मावशी, काय होतंय?"

"अगं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. जबडापण ठणकतोय. आई गं!"

तिने बीपी बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

आई घामाने निथळत होती. आमच्यामागून आलेला, मनगट मुरगळलेला एक गोरा गृहस्थ आधी आत गेला. विचारायला मी काउंटरपाशी गेले. मैत्रीण पाठमोरी उभी होती. सोबतच्या नर्सला इंग्रजीत सांगत होती, "आमच्या बायका जरा जास्तच कण्हतात. गॅस असेल. थांबू दे."

मी तशीच परत येऊन बसले. शेजारी नवऱ्याला घेऊन आलेली एक माओरी बाई होती, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. आईकडे बघून मला म्हणाली, "आम्हालाही असंच बसवून ठेवतात. गप्प राहू नकोस." आणि मी उठायच्या आत तीच काउंटरवर जाऊन ओरडली, "या बाईंना आत्ता बघा!"

डॉक्टर धावत आले. ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. आई वाचली, पण हृदय कायमचं कमजोर झालं. ईसीजी आल्याआल्या काढायला हवा होता, असं डॉक्टरच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण वॉर्डात आली. मी तिला दारातच अडवलं.

"तू मराठीत मावशी म्हणालीस आणि इंग्रजीत काय म्हणालीस?"

ती रडायला लागली. "इथे सगळे असंच बोलतात गं. मीही कधी बोलायला लागले, कळलंच नाही."

मी तक्रार केली. चौकशीत तिने काही लपवलं नाही. आता तिथे छातीत दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी आधी काढतात, मग बाकीचं. नव्या नर्सेसना स्वतःची चूक ती स्वतःच सांगते म्हणे. त्यासाठी धीर लागतो, मान्य आहे.

पुण्याला परतलेली आई फोनवर तिची चौकशी करते. "बोलतेस ना तिच्याशी?" म्हणते. मी विषय बदलते. परक्या कुणी म्हटलं असतं, तर चिडून मोकळी झाले असते.