लाल काठाची पट्टी आणि दोन मजली विमान

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या घरचा नेम. पण माझी नणंद रूपाली लंडनला, आणि डॉक्टरांनी तिला विमानप्रवास बंद केलेला. तेव्हा सासूबाईंनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं, की ती येत नाही तर माहेरच तिच्याकडे जाईल. माहेर म्हणजे त्या आणि मी. आमच्या यांना पॉवरलूम सोडून हलता येत नाही, आणि मी शाळेत शिकवते म्हणजे मला फाडफाड इंग्रजी येतं असा घरात एक जुना गैरसमज आहे.

व्हिसाची कटकट एजंटवर सोपवली. तुम्हीही सोपवा, डोकं शांत राहतं. सासूबाईंनी इकडे बाळंतविडा शिवायला घेतला. झबली, टोपरी आणि चार दुपटी. दुपटी माझ्या सासऱ्यांच्या धोतराची. ते कापड त्यांनी स्वतःच्या मागावर विणलेलं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. नातवंडाच्या अंगाला आजोबांचं काहीतरी लागावं एवढीच सासूबाईंची इच्छा होती, आणि त्यासाठी त्या सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसायला निघाल्या होत्या.

दराबा, आमच्या गावची नावाजलेली मिठाई, मात्र घरीच राहिला. त्यात तूप असतं आणि तिकडे दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. बुऱ्हाणपूरहून दराबा न घेता लेकीकडे जायचं म्हणून सासूबाई भुसावळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

निघण्याआधी यांनी बाळंतविड्याच्या निळ्या बॅगेच्या मुठीला कापडाची लाल काठाची पट्टी बांधून दिली, ओळखायला सोपी म्हणून. लूमवर असल्या पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. आमच्या गावात केळीच्या घडापासून सायकलच्या कॅरिअरपर्यंत सगळं त्याच पट्टीने बांधतात. बॅगेला कुलूप नाही, कारण आमच्याकडे किल्ल्या टिकत नाहीत.

सकाळच्या गाडीने मुंबई, विमानतळाजवळच्या साध्या लॉजमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुबई. आमच्यासारखे लांबून येणार असाल तर हा मधला मुक्काम नक्की ठेवा. गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही.

दुबईहून पुढचं विमान दोन मजली. काचेतून त्याचं नाक पाहून सासूबाईंनी मला विचारलं, हे उडतं की नुसतं उभंच असतं. आत शिरल्यावर त्यांची एकच मागणी, वरचा मजला बघायचा. जिन्याला दोरी लावलेली होती. मग जागेवर बसून त्या बराच वेळ छताकडे कान देऊन होत्या. शेवटी म्हणाल्या, वरचं बिऱ्हाड चांगलं आहे, पावलांचा आवाज करत नाही. जेवण बरं होतं. शाकाहारी हवं असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

एवढं मोठं विमान उडताना मौजेचं वाटतं, उतरल्यावर त्याची किंमत कळते. चार-पाचशे माणसं एकदम बाहेर पडतात आणि पासपोर्टच्या रांगेत दोऱ्यांमधून गोल गोल फिरत राहतात. आम्ही चाकाची खुर्ची मागितली होती. आधी सांगितलं तर ती फुकट मिळते. खुर्ची पाहून सासूबाईंना अपमान वाटला होता, पण अख्ख्या रांगेच्या बाजूने आम्हाला पुढे नेलं तेव्हा त्या पालखीत बसल्यासारख्या इकडेतिकडे बघू लागल्या. सामानाच्या पट्ट्यावर निळ्या बॅगेला लाल काठ दिसला, खुर्ची ढकलणाऱ्याने बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली, आणि आम्ही बाहेर.

रूपाली आणि जावईबापू समोरच. मायलेकींची गळाभेट झाली. सासूबाईंना धीर कुठला! तिथल्याच बाकावर त्यांनी बॅग उघडायला लावली.

आत पुरुषी स्वेटर, लोणच्याची बरणी आणि केळ्याच्या वेफर्सची पाकिटं. पाकिटांवर आमच्याच बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या दुकानाचा शिक्का.

ही आमची बॅगच नव्हती. मी आत जाऊ लागले तर दारावरच्या माणसाने अदबीने अडवलं, एकदा बाहेर आलात की परत आत नाही. मदतीच्या खिडकीवर सांगितलं, विमान कंपनीला फोन करा, तक्रार नोंदवा. फोनवर नुसतं संगीत वाजत होतं. झबली पुन्हा शिवता आली असती हो. ते धोतर कुठून आणणार होतो?

सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी त्या बॅगेची पट्टी सोडली आणि चाकाच्या खुर्चीतून ताडकन उठल्या. खुर्ची ढकलणारा बिचारा दोन पावलं मागे सरकला.

"ज्याची बॅग आहे तो आतच असंल ना. आपण पहिले निघालो. त्याले भाईर तर येनंच आहे."

कठड्यापाशी नावांच्या पाट्या धरून माणसं उभी होती. सासूबाई त्यांच्यात घुसल्या आणि पट्टी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली. सुटातले ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होते. मला थोडी लाज वाटली, खोटं कशाला सांगू. लोंढा आला, गेला, मग पातळ होत गेला. सासूबाईंचे हात खाली यायला लागले, तशी दुसरं टोक मी धरलं. मग लाज कुठल्या कुठे गेली.

माझ्याच वयाची एक बाई ट्रॉली ढकलत आली, पुढे गेली आणि थबकून मागे वळली.

"मावशी, ही पट्टी तर आपल्या बुऱ्हानपूरची वाटून राहिली. तुम्ही कुठल्या?"

सासूबाईंची नजर तिच्या ट्रॉलीवर. "पहिले माही बॅग दे बाई, मग सांगते."

ती आमच्याच गावातल्या राजपुऱ्याची निघाली, शिकायला आलेल्या मुलाकडे चाललेली. तिने आमची बॅग आपली म्हणून बिनधास्त उचलली होती, कारण परदेशात अशी पट्टी दुसऱ्या कोणाची असणार? आम्हीही तेच समजलो होतो. ती वरच्या मजल्यावर बसून आली होती. म्हणजे दुबईपासून बुऱ्हाणपूर आमच्या डोक्यावर होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

सासूबाईंनी तिथेच दुपटं काढून रूपालीच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी धरलं आणि "बाबांचं ना?" एवढंच विचारलं. मग आम्ही सगळ्याच रडलो, राजपुऱ्याचीसुद्धा.

मुलगी झाली. दोन महिने कसे गेले कळलं नाही. लंडनमध्ये काय काय पाहिलं ते इतरांच्या ब्लॉगवर वाचा. आम्ही दुपटी धुतली आणि वाळवली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

परतताना शहाणपण म्हणून मी बॅगेला चकचकीत पिवळा पट्टा आणला, वर मोठं नाव लिहिलं. आता गोंधळ व्हायला नको, असं सासूबाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यावर पुन्हा लाल काठाची पट्टी बांधली.

"अन् कोनी आपलं असलं तर त्याले कसं समजंल?"

मी त्या पट्टीची गाठ आणखी घट्ट केली. तेव्हा लांबच्या प्रवासाला बॅग कुठली घ्यावी असं विचारणाऱ्या मैत्रिणींनो, कुठलीही घ्या. पट्टी आमच्या लूमवरून घेऊन जा.