गिरणीमागची कंपनी

आमच्या पिठाच्या गिरणीमागे एक खोली होती. तिथे मोडके डबे, तुटलेले पट्टे आणि उंदीर असायचे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सुनेने ती मागितली. कॉलेजातल्या दोन मित्रांबरोबर तिला कंपनी काढायची होती आणि नवीन पनवेलातले गाळे परवडत नव्हते. मी दिली. उंदीर तरी जातील, असं वाटलं.

कंपनी करणार काय, हे मी विचारलं. माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, कॉम्प्युटर सुरू केला की आधी एक प्रोग्राम जागा होतो, मग तो बाकी सगळ्यांना उठवून कामाला लावतो. तो आम्ही लिहिणार, मराठीतून, आणि जुन्या मशीनवरही चालेल असा.

"म्हणजे सासू," मी म्हटलं.

"हो आई. पण आमची अजून मधेच झोपते."

ती झोपायची माझ्यामुळे. गिरणीची मोटर सुरू झाली की मागचा दिवा पिवळा पडायचा आणि सगळे कॉम्प्युटर बंद. सकाळपासूनचं काम पाण्यात. सून दारात येऊन नुसती उभी राहायची. मी म्हणायचे, लोकांनी गहू काय चावून खायचे? त्यांनी बॅटरीचं खोकं आणलं, तेही आमच्या वायरिंगपुढे टिकेना. शेवटी तिने चिडून प्रोग्रामच असा लिहायला घेतला की वीज कधीही जावो, आल्यावर काम जिथे तुटलं तिथूनच सुरू व्हावं. त्यात बराच काळ गेला. विकत मात्र कुणी घेईना. दोन्ही मित्रांच्या घरून नोकरी शोधा म्हणून फोन यायला लागले.

मग रोडपालीकडच्या एका शाळेचे साहेब बघायला येतो म्हणाले. त्यांच्याकडे दान आलेले जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. त्यांनी घेतलं तर कंपनी राहणार, नाहीतर मित्र पुण्याला नोकरीला जाणार आणि खोलीला कुलूप. सुनेने मला बजावलं, साहेब असेपर्यंत गिरणी बंद.

मी पाटी लावली. पण दिवाळी तोंडावर आलेली. बायका भाजणीचे डबे घेऊन आल्या, पाटी वाचली आणि पायरीवर बसल्या. गिरणी बंद का, ते कळल्यावर तर कुणी उठेचना. एक बाई खिडकीत डोकं घालून आतल्या बातम्या बाहेर देऊ लागली. साहेबांनी चहा घेतला. साहेब टाइप करतायत. साहेबांना जांभई आली.

तेवढ्यात सून बाहेर आली. "आई, गिरणी सुरू करा."

"शुद्धीवर आहेस ना?"

"आहे. त्यांच्या शाळेत रोज लाईट जाते. गेली तरी आपलं काम जात नाही, हे त्यांना पटत नाहीये. सुरू करा."

मी खटका ओढला. दिवा पिवळा पडला. "मेले सगळे," खिडकीतली बाई म्हणाली. मोटरने वेग घेतला, दिवा परत पांढरा झाला, सुनेने बटण दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर साहेबांनी लिहायला घेतलेलं शाळेचं नाव आलं, अर्ध्यावर तुटलेलं, जसंच्या तसं. साहेबांनी ते पूर्ण केलं आणि म्हणाले, "पुन्हा करा बघू."

मग काय. मी गिरणी बंद करायची, चालू करायची, आणि चालू आहेच तर एका बाईची भाजणी दळून घ्यायची. दर वेळी बायका खिडकीतून ओरडायच्या, मेले, आणि मग, उठले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला साहेब स्वतःच बाहेर आले आणि खटका मला ओढू द्या म्हणाले. ओढला, तोच पीठ उडून त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. एका बाईने त्यांच्या हातात डबा दिला. "आता माझं घ्या साहेब, जरा जाडसर." साहेबांनी मुकाट्याने डबा माझ्याकडे दिला. मी हसता हसता गव्हाच्या पोत्यावरच बसले. दोघे मित्र एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते.

शाळेने घेतलं, मग आणखी शाळांनी. कंपनी कामोठ्याला चांगल्या वायरिंगच्या जागेत गेली. पुढे मोबाईल आले, शाळांना दुसरंच काही हवं झालं आणि कंपनी मिटली. सून आता नोकरी करते, खोलीत उंदीर परत आलेत. त्याचं मला काही नाही.

पण कंपनी होती तोवर प्रोग्राम बदलला की सून आधी रिक्षात मशीन घालून माझ्याकडे आणायची. कामोठ्यात लाईट नीट असते, तिथे काय कळणार? दळणाला आलेल्या बायकांना सवयच लागली. पुढे बरीच वर्षं दिवाळीआधी डबा ठेवताना कुणीतरी विचारायचंच, "काय हो, आज कॉम्प्युटर मारायचे नाहीत का?"