आईचा पिवळा पळस

वऱ्हाडात वसंत नसतोच, थंडी संपली की थेट उन्हाळा सुरू होतो, असं पुण्याच्या एका बाईंनी मला एकदा ऐकवलं होतं. मी त्यांच्याशी भांडले. आजही भांडेन. फाल्गुनात चांदूर बाजारकडे येऊन बघा. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, काळी जमीन मोकळी पडलेली असते, आणि प्रत्येक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळस. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. पायवाटेला भुईरिंगणी, पडीक तुकड्यात पिवळा धोत्रा. शेतीच्या त्या वाईट वर्षांत शहरातून कॅमेरेवाले यायचे. ते आमच्या भेगाळल्या जमिनीचे फोटो काढायचे आणि पळसाकडे पाठ करून उभे राहायचे. फुलं फोटोत आली असती तर आमचं दुःख पटलं नसतं बहुतेक.

आमच्या धुऱ्यावरचा एक पळस मात्र पिवळा होता. हळदीसारखा पिवळा. असं झाड क्वचित सापडतं, आणि त्याचं मूळ गल्ल्यात ठेवलं की पैसा टिकतो अशी आमच्याकडे समजूत. त्यामुळे ते दिसलं की लोक त्याला जिवंत ठेवत नाहीत. कुणी साल नेतो, कुणी फांदी, शेवटी कुणीतरी मुळं खणायला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन येतो. आमचं शेत नाल्याच्या पलीकडे, आडबाजूला, तिथून कुणाची वाट जात नाही, म्हणून हे झाड वाचलं होतं. सावलीनं कापूस खुरटतो म्हणून बाबा एकदा ते तोडायला निघाले होते. आई आडवी आली. म्हणाली, "ह्या घरात माहं म्हनून काय हाय? हे एक झाड माहं समजा." बाबा हसले आणि कुऱ्हाड घेऊन परत आले. तेव्हापासून घरात ते आईचं झाड. त्याच्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, हे आम्हा दोघी बहिणींना पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं.

आई खाली पडलेली फुलं वेचायची. केशरी फुलं रंगासाठी आणि होळीनंतरच्या आंघोळीसाठी. रात्रभर भिजवलेल्या फुलांच्या पाण्यानं नाहलं की ऊन लागत नाही म्हणतात. पिवळी फुलं मात्र ती वेगळी वाळवून ठेवायची, आणि त्यातली मूठभर फक्त आम्हा दोघींच्या बादलीत पडायची.

ताईचं लग्न अकोल्याला झालं. जिजाजींचं बी-बियाण्याचं दुकान होतं. "कुठीबी द्या, पळसाले पानं तीनच," असं म्हणून आईनं डोळे पुसले होते. लग्नानंतरची पहिली होळी आली, जावयाला बोलावणं गेलं. आता जावई म्हणजे काय, हे वऱ्हाडात नव्यानं सांगायला नको. तो बसला की घर उभं राहतं. आईनं पुरणपोळ्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी जिजाजींच्या आंघोळीच्या पाण्यात, मोठ्या मानानं, पिवळी फुलं टाकली.

इतकी वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवलेली गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं बादलीत घालून दिली. जावयाला साधं पाणी कसं द्यायचं, एवढाच तिचा विचार.

जिजाजी ओल्या डोक्यानं बाहेर आले. "मामी, हे फुलं कुठले हो?"

आईचा चेहरा उतरला. पण जावयाशी खोटं बोलायचं नसतं. तिनं सांगितलं.

त्या दिवशी त्यांनी एक फांदी तोडून नेली. बाबांनी स्वतः वाकवून दिली. त्या वर्षी अकोल्यात दुकानं ओस पडली होती, शेतकरी बियाणं घ्यायला धजत नव्हता, त्यामुळे फांदीनं काही होण्यासारखं नव्हतं. मग महिनाभरात जिजाजी एका महाराजाला आणि दोन मित्रांना गाडीत घालून घेऊन आले. फांदी चालत नाही, मूळच लागतं, आणि तेही पूर्वेकडचं, असा महाराजाचा हुकूम. जिजाजींनी विचारलं नाही. सांगितलं.

आई म्हणाली, "घ्या ना जवाईबुवा, तुमाले काहून नाही म्हनू?"

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, सुटीत घरी आलेली. ते सब्बल मारत होते आणि बाबा बाजूला पाण्याचा तांब्या धरून उभे होते, हे बघून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "जिजाजी, झाड मरेल ना."

"साळीबाई तापल्या," ते मेहुणीची थट्टा करावी तसे म्हणाले, आणि सगळे हसले. महाराजसुद्धा.

आईनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "तू चूप राय. पोरीले तिथं नांदाचं हाय."

ह्या एका वाक्यानं आमच्याकडच्या बायांनी किती काय गिळलं असेल, देव जाणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर पोह्यांवर कोथिंबीर घालून द्यायची. मला राग जिजाजींचा आला, बाबांच्या तांब्याचा आला, पण सगळ्यात जास्त आईचा आला. पूर्वेकडचं मूळ कुठून जातं, ते तिनंच बोटानं दाखवलं. तिच्याइतकं ते झाड कुणाला माहीत होतं?

पावसाळ्यात झाडाला पालवी आली नाही. पुढच्या फाल्गुनात आजूबाजूचे सगळे धुरे केशरी झाले आणि आमच्या टोकाला एक काळा खुंट उभा राहिला. दुकानाची स्थिती होती तशीच होती.

त्या होळीला ताई आणि जिजाजी पुन्हा आले. ताई एकटीच शेतात गेली, खुंट बघून आली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. आईच म्हणाली, "जाऊ दे वो बाई. तुह्यासाठी एक झाड गेलं त गेलं."

"माह्यासाठी?" ताईचा आवाज बारीक होता. "मले कोनी इचारलं?"

आईनं समोरचं ताट उगाच पुसलं.

"तिथं त्याले कोनीच नाही म्हनत नाही, आई. सासू नाही, सासरा नाही, मी त नाहीच नाही. मी रोज वाट पाहून राहिली होती, का माह्या माहेरी तरी एक डाव कोनी त्याले नाही म्हनन. मंग त्याले समजलं असतं, इच्या मागं मानसं हायेत." तिनं दाराकडे पाहिलं. "तुमाले एक झाड नाही वाचवता आलं. उद्या मले काय वाचवसान?"

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ते खाली बघत राहिले.

ओसरीवरून जिजाजींचा आवाज आला, "चहा झाला का?"

आम्ही तिघांनीही आईकडे पाहिलं. ती उठली आणि तिनं चहा ठेवला. कप ताईनंच काढले.