पेरू बघायला बँकॉक

बँकॉकला मी पेरू बघायला गेले. माझ्या मुलाचं, विलासचं, राहात्यात खतं-औषधांचं दुकान आहे. माल भरपूर विकला म्हणून कंपनीनं त्याला दोघांची सहल दिली. सून विमानाला भिते, म्हणून मी निघाले. विलासला आमची जुनी पेरूची बाग काढून थायलंडचा मोठा पेरू लावायचा होता. जमीन माझ्या नावावर आहे. मी म्हणाले, "आधी खाऊन बघते, मग सांगते."

पुण्याच्या विमानतळावर बाकीचे दुकानदार भेटले. मला बघून त्यांचे चेहरे पडले. नेवाशाचे बाळासाहेब विलासला हळूच म्हणाले, "आरं, बँकॉकला कुनी आईला आनतं व्हय?"

"मला ऐकू येतं," मी म्हणाले. पुढं सहलभर माझी पिशवी त्यांनीच उचलली.

बँकॉक चकचकीत आहे आणि दमट आहे. आमच्याकडचं ऊन भाजतं, तिथलं अंगाला चिकटतं. डोक्यावरून रेल्वे जाते, खालून टुकटुक (रंगीत रिक्षा) पळतात. फुटपाथवर चालायला जागा नाही, सगळीकडं चुली आणि जेवणारी माणसं. आडवा झालेला सोनेरी बुद्ध पाहिला. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांचं बारीक काम आहे. ते मला तोंडापेक्षा आवडलं. बांधून नेलेल्या भाकरी त्या हवेत बुरसल्या. टाकून दिल्या आणि समोर येईल तो भात खाल्ला.

मग एका सकाळी तालातमध्ये (बाजारात) गेलो. पेरू सोललेल्या नारळाएवढे, हिरवेगार. एक उचलून नाकाशी धरला. वास काही नाही. विकणारी बाई माझ्याच वयाची असेल. तिनं फोडी केल्या, बियांचा गाभा काढून टाकला आणि वर प्रिक-क्लुआची (तिखटमिठाची) पुडी दिली. मी फोड चावली आणि वरची कवळी त्या फोडीतच राहिली. बाळासाहेबांनी तोंड फिरवलं. बाई मात्र खदखदून हसली आणि तिनं आपलीही कवळी काढून दाखवली.

आमची वाटाडी नोक मोडकीतोडकी हिंदी बोलायची. तिला म्हटलं, "हिला विचार, पिकल्यावर कसा लागतो?"

दोघी बोलल्या. नोक म्हणाली, "मम्मीजी, ती म्हणते पिकू कोण देतं? कच्चाच खपतो. बरेच दिवस टिकतो."

"आणि ही स्वतः खाते का?"

"नाही. विकते फक्त."

संध्याकाळी दुकानदार नवे शर्ट घालून खाली जमले. बाळासाहेब म्हणाले, "मावशी, तुमी दमला असाल. आराम करा."

"दमले नाही. कुठं निघालात?"

बाळासाहेब शर्टाची बटणं चाचपायला लागले. मग मीही गेले. लाल-निळे दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी, दारादारात उभ्या पोरी. माझ्यामुळं कुणी आत शिरेना. सगळे शाळेच्या सहलीसारखे रांगेत उभे राहिले. एका पोरीनं मला बसायला स्टूल दिलं. तिच्या हातात पेरूच्या फोडींची पिशवी होती. सकाळचा चिरलेला असेल, तरी कुरकुरीत वाजत होता. आमचा पेरू तोवर लगदा झाला असता.

तिथंच विलासला सांगितलं, "बाग काढ."

तो भांडायच्या तयारीनं आला होता, गडबडला. "आई, वास न्हाई म्हनालीस की त्याला."

"वास पिकल्यावर सुटतो. पिकलेला माल लांब जात नाही. जन्मभर मऊ पडलेले पेरू मी उकिरड्यावर ओतलेत."

"पन दादांनी लावलेली झाडं हायेत ती."

"तुझ्या बापानंही विकायलाच लावली होती."

घरी आलो तेव्हा बागेचा घमघमाट रस्त्यापर्यंत येत होता. बँकॉकला जायच्या आधी तो माझ्या नाकाला कळत नव्हता. बॅगा उतरवायच्या आधी मी बागेत गेले, एक पिवळा पेरू तोडला आणि उभ्यानंच खाल्ला. कवळी जागची हलली नाही. दुसरा तोडला.

विलास मागं येऊन उभा राहिला. "आता शब्द फिरवती का काय?"

"नाही," मी म्हणाले. "पण झाडं उपटायचं मशीन लगेच बोलवू नको. झाडावरचं आधी विकून घेऊ."