रविवारच्या सिनेमाचा शेवट

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. एक सिनेमा, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, बसून बघायचा. लग्नाआधी वडील टॉकीजचं नाव काढू देत नसत. लग्नानंतर नवऱ्याने नेलं, पण तोवर कडेवर मूल होतं, आणि ते नेमकं शेवटाकडे भोकाड पसरायचं. मागचे लोक "बाहेर न्या, बाहेर न्या" म्हणून ओरडायचे. सीताबर्डीवरच्या टॉकीजांचे व्हरांडे मला तोंडपाठ आहेत. आत काय चाललं होतं ते विचारू नका.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही अजनीकडे एका गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, नवरा सरकारी कचेरीत होता आणि सासरे कोर्टातून रिटायर झालेले. नागपुरात टीव्ही दिसायला लागला आणि गल्लीतला पहिला संच आमच्याकडे आला. त्याला लाकडी शटर होतं, कुलूप होतं आणि वर घालायला मी स्वतः विणलेला रुमाल होता. रंगीत दिसावं म्हणून नवऱ्याने काचेपुढे तीन रंगांचा प्लास्टिकचा पडदा लावला. वरचा पट्टा निळा, मधला गुलाबी, खालचा हिरवा. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक नटीचं कपाळ निळं आणि पाय हिरवे असत. मी तो पडदा काढा म्हटलं, तर नवरा म्हणाला, "अगं, लोक मुद्दाम तोच बघायला येतात."

लोक येत हे मात्र खरं. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा, आणि दुपारचा चहा उतरायच्या आत चपलांचा ढीग दाराबाहेर लागायचा. कार्यक्रम सगळे दिल्लीचे, सगळे हिंदीत, पण नागपूरकराला हिंदीची अडचण कधीच नव्हती. अडचण मला होती. उन्हाळ्यात आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ती दोन माणसांसाठी ठीक आहे. इथे अर्धी गल्ली बसलेली, आणि प्रत्येक जण येताना "बाई, पाणी" म्हणून आत डोकावायचा. माठ रिकामा व्हायचा, मी भरायची, पुन्हा रिकामा व्हायचा.

त्यात कूलर. ज्यांनी नागपूरचा एप्रिल काढलेला नाही त्यांना हे कळायचं नाही. कूलर लावला की व्होल्टेज पडायचं आणि टीव्हीवरचं चित्र चारही बाजूंनी आत आक्रसायचं. नट बुटके, नट्या बारीक, आणि मधून मधून आडव्या रेघा. म्हणजे कूलर तरी लावा नाहीतर टीव्ही तरी. रविवारी नेहमी टीव्ही जिंकायचा. खिडक्यांना पांघरुणं टांगून अंधार केलेला, आत तीसेक माणसं आणि वारा बंद. अशा खोलीत बसून लोक बर्फाच्या डोंगरावरचं गाणं बघत. संक्रांतीनंतर दोन महिने अँटेनात अडकलेला मांजा वेगळाच. वारा आला की पतंगाची काडी अँटेनावर आपटायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी गच्चीवर चढायचं, आणि "आलं का?", "आलं होतं, गेलं!" असा आरडाओरडा दहा मिनिटं चालायचा.

या सगळ्यातूनही मी सिनेमा पाहिला असता. मी हट्टी आहे. माझं घोडं अडलं ते सासऱ्यांच्या साडेआठला.

सासरे रात्री साडेआठला जेवत. कोर्ट सुटलं, वेळ सुटली नाही. आणि पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, करून ठेवलेली चालायची नाही. सिनेमा सहाच्या आत सुरू व्हायचा, मध्ये बातम्या घुसायच्या, आणि संपायला नऊ वाजायचे. म्हणजे नायिका घराबाहेर पडली, खलनायकाने पिस्तूल काढलं, आई आंधळी झाली, की घड्याळात साडेआठ. मी उठून स्वयंपाकघरात जायची. सासरे ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवत आणि पडद्यावर जे जे लिहून येईल ते मोठ्याने वाचत. पाट्या, दुकानांच्या नावांचे फलक, पत्रातला मजकूर, अगदी "रुकावट के लिए खेद है" सुद्धा. मी पोळी लाटता लाटता ते ऐकायची. शेवटी "समाप्त" असं ऐकू आलं की कळायचं, गेला आजचाही.

बरं, घरात विचारावं कुणाला? सासऱ्यांना विचारलं, "शेवटी काय झालं?" तर म्हणायचे, "काय होणार? संपला." नवरा बातम्यांनंतर भिंतीला टेकायचा तो घोरायलाच लागायचा. पोरं अंगणात. राहता राहिल्या शेजारच्या काकू.

या काकूंचा मला फार राग यायचा, हे आधीच सांगते. त्यांचे यजमान अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. काकू सगळ्यांच्या आधी येत, दाराशी अगदी पुढची जागा धरत आणि सिनेमाभर बोलत. "जाऊ नको वं तिकडं, मारीन तो तुले!" असं नटीला सांगत. नटी ऐकायची नाही, मग काकू आम्हाला सांगत, "पाहा, म्हटलं होतं की नाही मी?" मला वाटे, टीव्ही माझ्या घरी असून मी चुलीशी आणि ही बाई पुढे बसून सगळं बघते. पण सोमवारी पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीपलीकडे काकूच असत. बादली लावून मी विचारायची, "काकू, शेवट सांगा." आणि त्या सांगत. काय सांगत! हात करून, आवाज बदलून. बादली वाहून जायची. शाळेत जाताना माझ्या डोक्यात तो शेवट असायचा, आणि खरं सांगते, आठवडाभर मला तो पुरायचा.

एका एप्रिलमधला सिनेमा चांगला लक्षात आहे. एका सुनेला नवरा आणि सासरचे छळतात. एक दिवस ती गाठोडं घेते आणि पावसात घराबाहेर पडते. दाराची कडी वाजली आणि साडेआठ झाले. मी त्या रात्री पोळ्या अशा आपटल्या की सासऱ्यांनी एकदा आत पाहिलं.

सोमवारी काकूंनी शेवट सांगितला. ती सून दूर गावात एक खोली घेते. शिलाई मशीन मिळवते. झंपर शिवते, पोरींना शिकवते. एक दिवस नवरा येतो, दारात उभा राहतो, म्हणतो घरी चल. ती मशीनवरून मान वर करत नाही. नुसती म्हणते, "दोरा तुटला, थांबा." तो थांबतो, थांबतो आणि निघून जातो.

मला काटा आला. शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत रविवारच्या सिनेमाचीच चर्चा असायची. मी एरवी डबा खात गप्प बसायची, अर्धवट पाहिलेल्याबद्दल काय बोलणार? त्या दिवशी मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "काय शेवट केला नाही! तो दारात उभा, आणि ही म्हणते दोरा तुटला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग एक मोठ्या बाई हसल्या. "कोणता सिनेमा पाहिलात तुम्ही? अहो, ती परत गेली नं. नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्याने क्षमा केली, संपला." बाकीच्याही हसल्या. एकीने विचारलं, "यांच्याकडे वेगळा टीव्ही आहे वाटतं?" मी डबा बंद केला. तासाला फळ्यावर बेरीज चुकली, आणि ती एका मुलीने दाखवून दिली.

दुपारी घरी आले ती थेट भिंतीपाशी गेले. काकू पलीकडे सावलीत गहू निवडत होत्या.

"काकू, कालच्या सिनेमाचा शेवट काय होता?"

"सांगितला नं वं तुले सकाळीच."

"शाळेत सगळ्या म्हणतात, ती परत गेली. पाया पडली नवऱ्याच्या."

काकूंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "पडली असंन."

"मग मशीनचं काहून सांगितलं तुम्ही मला?"

"मले काय मालूम तिचं काय झालं ते?" काकू वर न बघता म्हणाल्या. "हे आठले सुटतेत ड्यूटीवरून. घरी आले अन् ताट वाढलेलं नाही दिसलं, तं घर डोक्यावर घेतेत. साडेआठ झाले का मी उठून जातो वं. म्हणून तं दाराजवळ बसतो. आजवर एकही सिनेमा पुरा नाही पाह्यला मी."

"आणि आतापर्यंतचे सगळे शेवट?"

"सारे माह्येच." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तू एवढी आशा करून विचारत होती. नाही कसं म्हणू तुले?"

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. शाळेत माझं हसं झालं होतं. पण तो राग धरायला जागा सापडेना. पुढची जागा बळकावणारी म्हणून ज्या बाईवर मी जळत होते, ती साडेआठच्या ताटासाठी माझ्यासारखीच उठून जात होती. मी आतल्या दाराने आणि ती बाहेरच्या, एवढंच. मी म्हटलं, "काकू, या रविवारी थांबा. दोघी बघू."

"अन् तुह्या सासऱ्याच्या पोळ्या?"

"बघू."

"अन् आमच्या घरचं?"

काकू सूप घेऊन आत गेल्या.

पण रविवारी त्या आल्या, आणि दाराशी न बसता भिंतीकडे माझ्याजवळ बसल्या. सिनेमात दोन भाऊ, एक हवेली आणि त्यांची आई होती. भाऊ भांडत होते, आई मध्ये होती, आणि दोघांना वाढून देत होती. उकाड्याने जीव चालला होता. एकदा वीज जाते की काय असं वाटलं, चित्र आक्रसलं, पुन्हा फुगलं. साडेआठ झाले. सासरे खाकरले. मी हलले नाही. ते म्हणाले, "सूनबाई."

"सिनेमा संपल्यावर वाढते," मी म्हटलं.

खोलीतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नवरा जागा झाला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. काकू अर्ध्या उठल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. तो घामाने ओला आणि थंड होता. त्या बसल्या, पण नजर पडद्यापेक्षा दाराकडेच जास्त होती.

आणि शेवट आला. आई जिन्यावरून पडली. दोन्ही भाऊ धावत आले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, रडले, एकमेकांना मिठी मारली. आईने दोघांचे हात एकत्र केले आणि मान टाकली. कपाळ निळं, पदर हिरवा. सासऱ्यांनी वाचलं, "समाप्त."

"बस?" काकू मला म्हणाल्या. "एवढंच?"

मलाही तेच वाटलं होतं. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टाकला ते एवढंच होतं. काकूंनी चपला हातात घेतल्या आणि तशाच अनवाणी घरी पळाल्या. मी पोळ्या लाटायला बसले तेव्हा भिंतीपलीकडून त्यांच्या यजमानांचा आवाज येत होता, आणि मग अंगणात ताट फेकल्याचा. फरशीवर ते बराच वेळ फिरत राहिलं. आमच्याकडे सासऱ्यांनी दीड पोळी खाल्ली आणि हात धुतला. पुढे आठवडाभर ते मला जे काय सांगायचं ते पोरांकरवी सांगत. नवरा म्हणाला, "काय गरज होती?" मला खूप बोलायचं होतं, पण इतकी दमले होते की दिवा मालवून पडले.

सोमवारी पहाटे नळ आला. काकू भिंतीपलीकडे होत्याच. डोळे सुजलेले. कालचं काही मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी बादली लावली. काकू धारेकडे बघत म्हणाल्या, "ते माय मरत नाही वं."

"म्हणजे?"

"जिन्यावरून पडते, पण मरत नाही. उठते. पदर झटकते. दोघाइले म्हणते, भांडा लेकहो किती भांडता ते. हवेलीले कुलूप लावते, चाबी कमरेले खोसते, अन् जाते रामटेकले, बहिणीकडं. दोघी बहिणी तिथल्या अंबाळा तलावाच्या पायरीवर बसून राहतेत. चार महिने येतच नाही."

शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, त्यांच्याच शेजारी बसून. तरी मी विचारलं, "मग पोरं जेवली कुठे?"

"जेवतीन नं. हात नाहीत का त्याइले?"

बादली वाहत होती. आम्ही दोघींनी ती वाहू दिली.

पुढे गल्लीत घरोघरी टीव्ही आले, आमच्याकडची गर्दी संपली. शेवटासाठी मी पुन्हा कधी थांबले नाही. साडेआठला उठायची, पोळ्या लाटायची आणि सोमवारच्या नळाची वाट बघायची.